करंगळीमागचं हाड

पाय मोडला की सल्ल्यांना तोटा नसतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या गव्हाणला बांधावरून उतरताना माझा पाय मुरगळला आणि पावलाच्या बाहेरच्या कडेचं, करंगळीमागचं लांब हाड मोडलं. कुणी म्हणालं, हाडवैदाकडे चला. कुणी म्हणालं प्लॅस्टर, तर कुणी म्हणालं, स्क्रू बसवा आणि मोकळे व्हा.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं, हाड कुठं मोडलंय ते आधी पाहायचं. अगदी मागच्या टोकाचा तुकडा निघाला असेल, तर कडक तळाच्या बुटात, सोसेल तेवढं चालत तो सहसा जुळतो. थोडं पुढं मात्र रक्तपुरवठा कमी. तिथलं हाड हट्टी. माझं तिथंच मोडलं होतं. अशा वेळी दोन वाटा असतात. एक, सहा ते आठ आठवडे प्लॅस्टर, पाय जमिनीला न टेकता. यात शस्त्रक्रिया टळते, पण हाड न जुळण्याची भीती अधिक. दुसरी, हाडाच्या आत स्क्रू. यात हाड बहुधा लवकर जुळतं, पण भूल, खर्च आणि जंतुसंसर्गाचा धोका आला.

या फ्रॅक्चरला ‘जोन्स’ म्हणतात. लिव्हरपूलचे सर्जन रॉबर्ट जोन्स यांचा पाय नाचताना मोडला आणि १९०२ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. ते ज्यांच्या हाताखाली शिकले, ते ह्यू ओवेन थॉमस हाडवैदांच्याच घराण्यातले. त्यांच्या वडिलांनी मात्र मुलांना डॉक्टरकी शिकायला धाडलं. म्हणून मी हाडवैदाला हसत नाही. पण एक्स-रेशिवाय आवळलेली पट्टी रक्त अडवू शकते. बोटं निळी पडली, बधिर झाली तर तासभरही थांबू नये.

मी बसून लिहिणारा माणूस. प्लॅस्टर घेतलं, नमाज खुर्चीवर पढलो, निभावलं. पण डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासे विकणारी बाई दोन महिने घरी बसली, तर चूल कशी पेटायची? स्क्रू बसवला तरी तिला दुसऱ्या दिवशी टोपली उचलता येत नाहीच; काही आठवडे जपावं लागतंच.

तेव्हा डॉक्टरांना आपला धंदा सांगा, मधुमेह सांगा, तंबाखू-विडीही सांगा. तिनं हाड जुळायला उशीर होतो. आणि विचारा : माझं हाड नेमकं कुठं मोडलंय? पाय कधी टेकायचा? नाही जुळलं तर पुढं काय? हे विचारायला संकोच कसला? पाय आपला आहे.