कुटार जाळू नका, अळिंबीला द्या

मी गिरडहून बोलते.

सोयाबीन निघालं की कुटार उरतं. त्याचा कडकपणा लिग्निनमुळे. कागद कारखाने तो कॉस्टिक सोड्यानं काढतात. धिंगरी अळिंबीची बुरशी तेच काम मुकाट्यानं करते, वर भाजी देते.

कुटार रात्रभर भिजवा. निर्जंतुक करायला फॉर्मॅलिन नको, त्याची वाफ डोळ्यांना, छातीला बाधते. 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवा, निथळा. मुठीत दाबून पाणी टपकू नये. पिशवीत थराथरानं बियाणं घाला, भोकं पाडा. 15-20 दिवसांत पांढरं जाळं धरतं. हिरवा डाग दिसला तर ती पिशवी बाहेर काढा.

आपल्याकडे हिवाळाच बरा. गिऱ्हाईक आधी ठरवा, ताजी अळिंबी फार टिकत नाही. उरली तर वाळवा. वापरलेलं कुटार खतात जाईल. यंदा गटानं दहा पिशव्या तरी कराव्या.