पद्मासन आणि गुडघा



पद्मासनाचें चित्र पाहिलें नाहीं असा मनुष्य आपल्याकडे विरळा. ध्यानस्थ बुद्धाच्या मूर्तीपासून व्यायामशाळेच्या भिंतीवरील तक्त्यापर्यंत तें सर्वत्र आढळतें. त्यामुळें आसनें शिकूं लागलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यांत वाटूं लागतें कीं, हें एवढें साधलें म्हणजे योग साधला. मग पाऊल हातानें ओढून मांडीवर चढवावयाचें, आणि गुडघ्यांत कळ आली तर दांतओठ खाऊन ती सोसावयाची, असा क्रम सुरू होतो. मला आज बोलावयाचें आहे तें या कळेविषयीं.

पद्मासन दिसावयास पायांचें असलें, तरी वस्तुतः तें खुब्याचें आसन आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोल शेंडा कमरेच्या खोबणींत बसलेला असतो व तेथें त्याला चोहों बाजूंस फिरतां येतें. गुडघ्याची गोष्ट निराळी. तो दाराच्या बिजागरीसारखा. मिटावें व उघडावें हें त्याचें काम. वांकलेल्या स्थितींत थोडीशी फिरकी तो सोसतो, अधिक नाहीं. पाऊल विरुद्ध मांडीवर यावयाचें, तर मांडी खुब्यांत पुष्कळच बाहेर वळावी लागते. खुब्यानें तें वळण दिलें नाहीं आणि हातानें ओढणें मात्र चालूच राहिलें, तर उरलेली फिरकी गुडघ्याच्या वांट्याला येते. गुडघ्यांत दोन हाडांच्या मध्यें चंद्रकोरीच्या आकाराच्या कूर्चेच्या दोन गाद्या असतात. त्या चिमटतात, प्रसंगीं फाटतात. आणि त्यांच्या आंतल्या कडेला रक्ताचा पुरवठा जवळजवळ नसल्यामुळें तेथील जखम सहसा आपण होऊन भरून येत नाहीं.

कोणी म्हणेल, अभ्यासानें खुबा मोकळा होईल. होईल, परंतु सर्वांचा सारखा होणार नाहीं. आखडलेले स्नायू कांहीं महिन्यांनीं सैल पडतात. पण खोबणी किती खोल आहे, तिचें तोंड कोणत्या दिशेला आहे, मांडीच्या हाडाची मान किती वळलेली आहे, हें प्रत्येकाचें निराळें असतें. आणि हाडाला हाड अडलें म्हणजे तेथें तपश्चर्येचा उपाय चालत नाहीं. जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या घरांत वाढलेल्याला जें सहज जमतें, तें जन्मभर खुर्चीवर बसलेल्याला कदाचित् मुळींच जमणार नाहीं. त्यांत पहिल्याचें पुण्य नाहीं व दुसऱ्याचें पाप नाहीं!

मग आपली मर्यादा ओळखावी कशी? ताण स्नायूच्या मध्यभागीं, बोथट आणि आसन सैल करतांच ओसरणारा असेल, तर भिण्याचें कारण नाहीं. वेदना तीक्ष्ण असेल, सांध्याच्या आंत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर त्याच क्षणीं मागें फिरावें. श्वास हा आणखी एक साक्षीदार. तो अडखळला किंवा नकळत कोंडला गेला, कीं सीमा ओलांडली असें समजावें. ही सीमा रोज एकाच जागीं नसते. पहांटे अंग आखडलेलें असतें, सायंकाळीं तेंच सैल असतें. कालचें माप आजच्या अंगाला लावूं नये.

हें बोलणें आळसाला पाठीशीं घालणारें आहे, असें कोणास वाटल्यास त्यानें मूळ ग्रंथ पाहावे. पतंजलींनीं आसनाविषयीं अवघीं तीन सूत्रें लिहिलीं. त्यांत आसन स्थिर व सुखकर असावें असें सांगून लगेच प्रयत्न शिथिल करावयास सांगितलें आहे. हठप्रदीपिकाकार स्वात्मारामांनीं तर योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत अति खाण्याच्या शेजारींच अति श्रमाला बसविलें आहे, आणि त्याच यादींत नियमांचा हट्टही आहे. हा शेवटचा शब्द आमच्या कित्येक शिक्षकांनीं वाचलेला दिसत नाहीं.

अलीकडच्या काळांत पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनीं ठोकळे, पट्टे, लोड, दोर यांचा आसनांत जो उपयोग रूढ केला, तो याच दृष्टीचा. शरीर आसनापर्यंत पोंचत नसेल, तर आसनच शरीराजवळ आणावें. पट्टा हातीं घेतांना अजूनही लोकांना संकोच वाटतो, चष्मा लावतांना मात्र वाटत नाहीं. २०१५ सालापासून २१ जूनला जो आंतरराष्ट्रीय योगदिन साजरा होतो, त्या दिवशीं मैदानावर हजारों माणसें एकाच ठेक्यावर वांकतात. दृश्य मोठें उत्साहवर्धक. परंतु तेथें नजर आपल्या श्वासावर राहण्याऐवजीं शेजाऱ्याच्या पायाच्या अंगठ्याकडे जाते.

शीर्षासनाविषयीं एकच सांगतों. त्या स्थितींत डोळ्यांतील दाब सुमारें दुप्पट होतो. ज्यांना काचबिंदू आहे त्यांनीं तें करूं नये. रक्तदाब असणाऱ्यांनींही वैद्याला विचारल्यावांचून त्या वाटेस जाऊं नये.

राहिलें पद्मासन. तें ज्यांना येत नाहीं त्यांनीं साधी मांडी घालून बसावें. गुडघे कमरेच्या वर राहत असतील, तर बैठकीखालीं घोंगडीची घडी घ्यावी, आणि गुडघे खालीं येईपर्यंत घडीवर घडी वाढवावी. अधांतरीं राहिलेल्या गुडघ्याखालीं उशी सरकवावी. उठतांना पाय एकाएकीं झटकूं नयेत. हातांनीं आधार देऊन एकेक पाय सरळ करावा, आणि मगच उभें राहावें.