बिल्डरची सूट कुणाच्या पदरात?

आज आम्ही बोलणार आहोत घराच्या खरेदीवर मिळणाऱ्या सवलतीबद्दल.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या लेकीने तालुक्याच्या गावी वन बीएचके फ्लॅट पाहिला. बांधकाम चालू आहे. किंमत २५ लाख. बिल्डरच्या ऑफिसात सांगितलं, "दसऱ्याची सव्वा लाख सूट आहे. ती तुमच्या डाऊन पेमेंटमध्येच धरू. तुम्ही फक्त सव्वा लाख आणा, बाकीचं बँक देईल." ताई हरखल्या आणि गटाकडे कर्ज मागायला आल्या. मग आम्ही सगळ्या वही-पेन घेऊन हिशेबाला बसलो.

आधी नियम बघा. गृहकर्ज ३० लाखांपर्यंतचं असेल, तर बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. निदान १० टक्के आपल्या गाठीचे लागतात. एवढ्या किमतीच्या घराला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीचे पैसेही वेगळे काढावे लागतात.

म्हणजे २५ लाखांच्या घराला आपले अडीच लाख. सूट खरी असेल, तर करारनाम्यात किंमत २३ लाख ७५ हजार लिहिली जाईल. त्याचे १० टक्के होतात २ लाख ३७ हजार ५००. सूट सव्वा लाखाची, पण आपल्या गाठीचे वाचले फक्त साडेबारा हजार! ताईंचा चेहरा उतरला. पण उरलेले १ लाख साडेबारा हजार कर्जातून कमी झाले, ते विसरू नका. ९ टक्के व्याजाने २० वर्षांत तेवढ्याच रकमेचे आपण जवळजवळ २ लाख ४३ हजार फेडले असते.

मग बिल्डर "सव्वा लाखच आणा" कसं म्हणतो? तर करारात २५ लाखच लिहायचे आणि न दिलेल्या सव्वा लाखाची पावती फाडायची. बँक समजते, आपण अडीच लाख भरले. ती साडेबावीस लाख देते. ही बँकेची फसवणूक आहे, आणि त्या कागदावर सही आपली असते. शिवाय जी किंमत आपण दिलीच नाही, तिच्यावर कर्ज आणि व्याज वीस वर्षं आपल्याच डोक्यावर.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

सूट करारनाम्यात, किमतीतूनच वजा करून मागा. तोंडी शब्दावर जाऊ नका.

जेवढे पैसे दिले, तेवढ्याचीच पावती घ्या. पैसे बँक खात्यातून द्या.

महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. रेरा कायद्याप्रमाणे करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

चौथी गोष्ट आपल्या हक्काची. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून, घर फक्त बाईच्या किंवा बायांच्याच नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. २३ लाख ७५ हजारांवर ती २३ हजार ७५० रुपये होते. डाऊन पेमेंटमध्ये वाचलेल्या साडेबारा हजारांपेक्षा ही जास्तच! पण सोबत नवऱ्याचं नाव लावलं की ही सवलत मिळत नाही.

ताईंना आम्ही आणखी एक विचारलं. गटाचं कर्ज काढून डाऊन पेमेंट भरलं, तर बँकेचा आणि गटाचा असे दोन हप्ते दर महिन्याला भरता येतील का? लेकीचा पगार मांडून पाहिला. जमत नव्हतं.

ताई परत गेल्या आणि म्हणाल्या, "करारात २३ लाख ७५ हजार लिहा." ऑफिसातला माणूस "साहेबांना विचारून सांगतो" म्हणाला. अजून फोन आलेला नाही. पण लेकीने त्याच आठवड्यात बँकेत आरडी सुरू केली. घर थोडं उशिरा होईल. खोट्या पावतीवर मात्र होणार नाही.