कार्लाइलच्या मुलांचा हंगाम



कामगार चळवळीतल्या माणसाने फुटबॉलवर काय बोलावे, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनीही आम्हांला तसे विचारले. आम्ही म्हटले, विषय खेळाचा खरा. पण त्यात मजुरी आहे, गल्ला आहे, फंड आहे आणि शेवटी सह्यांचा एक अर्जही आहे. तेव्हा आम्ही आमची शीव ओलांडून फार दूर जात नाही. आमचे शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. त्या बाकावरच ही हकीगत आमच्या हाती लागली.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात कार्लाइल नावाचे गाव आहे. तेथील जुन्या लष्करी बराकींत १८७९ साली रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने एक सरकारी शाळा काढली. आपण ज्यांना पूर्वी तांबडे इंडियन म्हणत असू, त्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी ही शाळा होती. हेतू असा, की मूल जगावे, पण त्याच्यातला इंडियन मरावा. आल्याबरोबर केस कापायचे, नाव बदलायचे, आईची भाषा बोलायची नाही. अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम, धुणे. शिवाय मुलांना गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी राबायला पाठवीत. त्या मजुरीचा एक भाग शाळा आपल्याकडे ठेवून घेई. त्या आवारात सुमारे १८० मुलांना पुरण्यात आले.

याच शाळेने फुटबॉलचा संघ उभा केला, आणि देशातल्या मोठमोठ्या महाविद्यालयांशी सामने खेळला. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. त्यात चेंडू हातात घेऊन पळतात, आणि समोरचे अंगावर पडून अडवतात. तो इतका रासवट होता, की १९०५ च्या एका हंगामात डझनाहून अधिक खेळाडू प्राणास मुकले. मग नियम बदलले. १९०६ पासून चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली. कार्लाइलची मुले अंगाने हलकी, पण पायाने चपळ. नव्या नियमाचा फायदा त्यांनी इतरांआधी उचलला. त्यांचा शिक्षक ग्लेन वॉर्नर हा डावपेचांत पक्का होता, हे नाकारता येत नाही.

आता १९१२ चा हंगाम पाहू. सप्टेंबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत १४ सामने. १२ जिंकले, एक बरोबरीत, एक हरले. बहुतेक मोठे सामने परगावी, कारण गर्दी तिकडे, आणि तिकिटांचा पैसाही तिकडे. मुले आगगाडीने जात, खेळत, परत येत आणि पुन्हा जात. संघात सॅक अँड फॉक्स जमातीचा जिम थॉर्प होता. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांची सुवर्णपदके त्याने जिंकली होती. डावाची सूत्रे हलवणारा होता चिपेवा जमातीचा गस वेल्च.

९ नोव्हेंबर रोजी वेस्ट पॉइंटच्या लष्करी महाविद्यालयाशी गाठ पडली. हा सामना साधा नव्हता. १८९० च्या डिसेंबरात वुंडेड नी येथे अमेरिकन सैन्याने बायकामुलांसकट दीडशेहून अधिक लोकांना गोळ्या घातल्या होत्या. त्याला अवघी २२ वर्षे झाली होती. समोर भावी लष्करी अधिकारी उभे होते. त्यांत ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण होता, जो पुढे १९५३ साली अमेरिकेचा अध्यक्ष झाला. थॉर्पला आडवे करण्यासाठी त्याने शिकस्त केली. पण कार्लाइलने २७ विरुद्ध ६ गुणांनी सामना जिंकला. बंदुकीच्या बळावर ज्यांची जमीन गेली, त्यांच्या मुलांनी नियम सारखे असलेल्या मैदानावर आपले पाणी दाखवले. पुढच्याच आठवड्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना हरवले, हेही सांगून टाकतो. आम्हांला पुराण सांगायचे नाही.

टाळ्या इथे संपतात. आता वही उघडू.

जानेवारी १९१३ मध्ये एका वर्तमानपत्राने छापले, की थॉर्पने १९०९ आणि १९१० साली उन्हाळ्यात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. म्हणजे तो हौशी खेळाडू नाही. पदके काढून घेतली. तक्रार ३० दिवसांत यावी, असा नियम होता. ती कितीतरी महिन्यांनी आली, तरी तो नियम कोणी पाहिला नाही. शाळेच्या वरिष्ठांनी सांगितले, आम्हांला काही ठाऊक नव्हते. ज्यांच्या घामावर तिकिटे खपत, त्या मुलाने पोटासाठी चार डॉलर मिळवले ते पाप ठरले; आणि वॉर्नरचा पगार मात्र त्याच घामातून निघत होता.

आम्ही ज्या कारखान्यांत काम केले, त्यांतल्या एकात कबड्डीचा संघ होता. ढाली साहेबांच्या खोलीत काचेच्या कपाटात. गुडघा मोडलेला गडी मात्र बदली कामगार म्हणून फाटकाबाहेर. म्हणून कार्लाइलची गोष्ट आम्हांला परकी वाटली नाही.

पण त्या मुलांनी नुसते उसासे टाकले नाहीत. गस वेल्चने पुढाकार घेतला. दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी सह्या केल्या आणि शाळेच्या कारभाराची चौकशी मागितली. फेब्रुवारी १९१४ मध्ये काँग्रेसची समिती शाळेत आली. विद्यार्थी, खेळाडू उठून बोलले. वॉर्नर शिवीगाळ करतो, खेळाच्या फंडाचा पैसा मुलांसाठी पुरता वापरला जात नाही, असे त्यांनी नोंदवले. खेळाडूंच्या वाट्याला काय आले? सूट, ओव्हरकोट, दुकानातली उधारी. चौकशीनंतर मुख्याधिकाऱ्याला जावे लागले. त्या वर्षाचा हंगाम संपल्यावर वॉर्नर दुसऱ्या विद्यापीठात गेला. १९१८ साली शाळाच बंद झाली.

काही लोक म्हणतात, अर्ज केला म्हणून संघ बुडाला. हे वाक्य आम्ही दर संपानंतर ऐकले आहे. आमचे उत्तर साधे आहे. हिशेब विचारल्याने जे बुडते, ते आधीच पोखरलेले असते. आणि जिंकणाऱ्यालाही हिशेब विचारण्याचा हक्क असतो; किंबहुना त्याला अधिक असतो, कारण गल्ला त्याच्यामुळे भरतो.

थॉर्प १९५३ साली वारला. १९८२ साली ऑलिंपिक समितीने त्याला सहविजेता मानले आणि २०२२ साली एकट्याला विजेता ठरवले. २०२४ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी अशा निवासी शाळांबद्दल जाहीर माफी मागितली. न्याय आला, पण ज्याचा होता तो घरात नव्हता.

आपल्या गावातही मुले खेळतात, शाळांचे संघ जिंकतात, आपण हार घालतो. हार जरूर घाला. पण मुलगा जखमी झाला तर औषधपाणी कोण करतो, त्याचा अभ्यास कोण पाहतो, तिकिटांचा पैसा कोणत्या वहीत जातो, एवढे तीन प्रश्न विचारत चला. कार्लाइलच्या मुलांना ते स्वतःच विचारावे लागले. आपल्या मुलांसाठी ते वडीलधाऱ्यांनी विचारावेत, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.