रात्रपाळीला कोण असतं?



आमची आत्या 81 वर्षांची. लग्न केलं नाही, सातारा जिल्ह्यातल्या शाळांमधून आयुष्यभर शिकवलं. आधी स्मृतिभ्रंश झाला, मग न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर ती उठलीच नाही. माझ्या घरी आम्ही दोघंही नोकरीला. तिला सांभाळायला घरी ठेवलेल्या चार बायका तीन महिन्यांत काम सोडून गेल्या. तेव्हा आम्ही शुश्रूषा केंद्र शोधायला लागलो.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की दहा-वीस खाटांचं खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येतं आणि वृद्धाश्रम म्हटलं की हिंडत्याफिरत्या माणसांची जागा. आत्या या दोन्हींत बसत नव्हती. तिला भरवणारं, पुसणारं, कूस बदलणारं माणूस चोवीस तास हवं होतं. आणि नातेवाइकांनी शब्द वापरला, "आत्याला टाकली." तो शब्द फार लागतो. पण त्या शब्दाच्या धसक्यानं आम्ही घाई केली, आणि ती चूक आत्याला भोगावी लागली.

पहिलं केंद्र आम्ही सकाळी अकराला पाहिलं. बाग होती, देऊळ होतं, भजन चालू होतं. पैसे भरले. तीन आठवड्यांनी आत्याच्या माकडहाडाशी हाताचा तळवा मावेल एवढी जखम झाली होती. "वय झालंय, व्हायचंच," असं उत्तर मिळालं. नाही, व्हायचंच असं नसतं. एकाच जागी भार पडून राहिला की तिथलं रक्त थांबतं, कातडी मरते. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. त्या केंद्रात रात्री बावीस माणसांमागे एकच मावशी होती. हे आम्ही आधी विचारलंच नव्हतं.

दुसरं केंद्र मी रात्री साडेआठला पाहिलं, न कळवता. दारातच वास कळतो. कोणी हाक मारली तर किती वेळानं कोण येतं, हे पाच मिनिटं उभं राहिलं की दिसतं. मी व्यवस्थापकांना नाही, मावशींना विचारलं, "कूस कधी बदलता?" त्यांनी खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला कागद दाखवला. वेळा आणि सह्या होत्या. मग विचारलं, "पेशंट रात्री उठायला लागला, नळी ओढायला लागला तर काय करता? हात बांधता का?" स्मृतिभ्रंशाची माणसं संध्याकाळनंतर जास्त बावरतात, म्हणून हा प्रश्न टाळू नका.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. स्मृतिभ्रंश वाढतो तशी मागून शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते. आत्याचं हिंदी पार गेलं. ती "ठणकतंय" म्हणते. ज्या सेवकाला हा शब्द कळत नाही, तो तिला दुखण्याची गोळी देणार कसा?

पैशांचं लेखी घ्या: डायपर, फिजिओथेरपी, डॉक्टरांची भेट, रुग्णवाहिका वेगळी का, अनामत परत कधी. नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे तेही पाहा. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा 1949 पासून आहे.

आणि "भाच्यानं का करावं?" असं विचारणाऱ्यांसाठी: ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा मूल नसलेल्यांनाही वाऱ्यावर सोडत नाही. त्यांची मालमत्ता ज्या नातेवाइकाच्या ताब्यात आहे किंवा वारसानं ज्याला मिळणार आहे, त्याच्यावर निर्वाहाची जबाबदारी येते. मला कायदा नंतर कळला. आत्यानं मला पाटीवर हात धरून ग-म-भ-न गिरवायला लावलं होतं, ते आधीपासून ठाऊक होतं.

दुसऱ्या केंद्रात तिची जखम भरायला चार महिने लागले. मी आता तिथे आठवड्यातून दोनदा जातो, वार ठरवून जात नाही.

माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे, फोन निःशुल्क आहे. पण आपल्या माणसाची खाट ठरवण्याआधी एकदा रात्री त्या जागी स्वतः जाऊन या.