सातवा दिवस आणि सव्वीस मैल



पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. काम कितीही अडले असो, त्या दिवशी बैलाला हात लावायचा तो सजवायला, ओवाळायला आणि पुरणपोळी भरवायला. ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात, म्हणजे तोरात, विसाव्याच्या दिवसाची जी आज्ञा आहे, तिच्यातही बैलाचे आणि गाढवाचे नाव स्पष्ट घातलेले आहे. धन्याने विसावा घ्यावा, त्याच्या मुलाबाळांनी घ्यावा, चाकरांनी घ्यावा, वेशीच्या आत राहणाऱ्या परक्याने घ्यावा आणि बैलानेही घ्यावा. फरक एवढाच की, आपला पोळा वर्षातून एकदा येतो आणि त्यांचा हा दिवस दर आठवड्याला येतो. त्याला शब्बाथ म्हणतात. शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी तो लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तारे दिसले की सुटतो.

आज मी बोलणार आहे ते हा शब्बाथ कसोशीने पाळणाऱ्या आणि तरीही मॅरेथॉनची शर्यत धावू पाहणाऱ्या माणसाविषयी. त्यातून त्याचा पाय दुखावलेला आहे, असे धरून चालू. धर्म, शर्यत आणि दुखणे ही तिन्ही एकाच माणसाच्या घरी मुक्कामाला आली, तर तो त्यांची वाटणी कशी करतो? प्रश्न दूरच्या माणसांचा वाटेल. पण कोकणातल्या श्रोत्यांना तो तितका दूरचा वाटू नये. अलिबागच्या आसपासच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून शेजारच्या गावकऱ्यांनी त्यांना नावच दिले, ‘शनवार तेली’. घरात ते मराठी बोलत. पण शनिवारी घाणा काही फिरला नाही. पुढे १९४८ नंतर त्यांतले पुष्कळजण इस्राएलला गेले. तेव्हा शब्बाथ ही गोष्ट मराठी मुलखाला अगदीच परकी नाही.

आता शर्यतीकडे वळू. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. जुन्या हिशेबाने सव्वीस मैल आणि ३८५ यार्ड. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक झाले, त्यात ही शर्यत प्रथम आली. आजचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ मध्ये ते कायमचे ठरले. एवढे धावायचे, तर चार-चार, पाच-पाच महिने तयारी करावी लागते. आठवड्यातून एकदा लांब पल्ल्याची धाव घ्यावी लागते. जगात बहुतेक ठिकाणी ही धाव सुटीच्या दिवशी, म्हणजे शनिवारी किंवा रविवारी घेतात. शब्बाथ पाळणाऱ्याला त्यातला शनिवार मिळतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, धावणे म्हणजे काही काम नव्हे, मग शनिवारी धावायला हरकत काय? प्रश्न रास्त आहे. ज्यू धर्मशास्त्रात शब्बाथच्या दिवशी वर्ज्य अशा ३९ प्रकारच्या कामांची यादी आहे. नांगरणे, पेरणे, कापणी करणे, मळणी करणे, उफणणे, दळणे, भाकरी भाजणे, विणणे, विस्तव पेटवणे... यादी वाचावी तर एखाद्या शेतकऱ्याचे वर्षच डोळ्यांपुढे उभे राहते. तिच्यात धावणे नाही. पण यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात शब्बाथच्या दिवशी आपल्या उद्योगांच्या मागे लागू नये असे सांगितले आहे. त्यावरून पुढच्या पंडितांनी असा अर्थ काढला, की त्या दिवशीची चालही रोजच्यासारखी घाईची नसावी. प्रार्थनेला किंवा सत्कृत्याला जायचे असेल, तर मात्र खुशाल धावावे. शिवाय गावाच्या हद्दीबाहेर २००० हातांपलीकडे जायचे नाही. हे ‘हात’ माप आपल्या ओळखीचे आहे. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. म्हणजे साधारण एक किलोमीटर झाले. तेवढ्यात मॅरेथॉन बसायची कशी!

म्हणून अशा धावपटूचा आठवडा सहा दिवसांचाच असतो. इस्राएलमध्ये यावर तोड निघाली आहे. २०११ मध्ये सुरू झालेली जेरुसलेमची मॅरेथॉन शुक्रवारी सकाळी धावतात. दुपारी घरी येऊन आंघोळ करून माणूस संध्याकाळच्या दिव्यांपाशी हजर. न्यूयॉर्क, लंडन, बर्लिन इथल्या शर्यती रविवारच्या, आणि बॉस्टनची सोमवारची. रविवारची शर्यत असली, की छातीवर लावायचा क्रमांक शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच घेऊन ठेवायचा. शनिवारी चूल पेटवायची नाही, गाडीत बसायचे नाही. शुक्रवारी मंद विस्तवावर ठेवून दिलेले गरम अन्न खायचे, चालत प्रार्थनेला जायचे आणि स्वस्थ बसायचे. शर्यतीच्या आदल्या दिवशी धावपटूने नेमके हेच करावे, असे कोणताही प्रशिक्षक सांगेल! न्यूयॉर्कच्या शर्यतीत तर आणखी एक प्रघात आहे. १९८० च्या दशकापासून तिथे सुरुवातीच्या जागेजवळ, स्टेटन बेटावर, पहाटे ज्यू धावपटू एकत्र जमून सकाळची प्रार्थना करत आले आहेत. अशा सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा पुरुष लागतात. प्रार्थना उरकायची आणि पुलावरून धावत सुटायचे.

इथपर्यंत सगळे जमून आल्यासारखे वाटते. पण पाय दुखावला, म्हणजे खरी परीक्षा सुरू होते.

लांब पल्ल्याच्या धावपटूंना एक दुखापत फार होते. नडगीच्या हाडाला केसासारखी बारीक चीर जाते. ती पडल्याने, आपटल्याने जात नाही. हजारो पावलांच्या माराने जाते. आपले हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत आहे. त्याच्यावर भार पडला, की शरीर आधी झिजलेला भाग खरवडून काढते आणि मग तिथे नवे हाड भरते. जुन्या घराची भिंत दुरुस्त करताना गवंडी आधी पोपडे काढतो आणि मग गिलावा करतो, तसेच. खरवडण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरण्याला मात्र महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा दुबळे असते. त्याच काळात माणूस हट्टाने धावत राहिला, की चीर पडते. लक्षात घ्या श्रोतेहो, धावताना हाड बळकट होत नाही. धावल्यावर जो विसावा मिळतो, त्यात ते बळकट होते.

उपाय काय? नडगीच्या अशा चिरेला साधारणपणे सहा ते आठ आठवडे धावणे बंद. मग न दुखता चालता येऊ लागले, की एक मिनिट धावायचे, दोन मिनिटे चालायचे; आणि तेही एक दिवसाआड. ऐकायला सोपे वाटते. पण ज्याला धावण्याची सवय लागली आहे, त्याला न धावणे हीच सर्वांत मोठी मेहनत असते. पुष्कळांची दुखापत उलटते ती याच ठिकाणी. जरा बरे वाटले, की माणूस म्हणतो, ‘आज थोडेच धावतो.’

इथे धर्मशास्त्रातला एक बारीक नियम मला फार बोलका वाटतो. शब्बाथच्या दिवशी सार्वजनिक रस्त्याने ओझे वाहून न्यायचे नाही. मग लंगड्याने काठी न्यावी की नाही? १५६५ मध्ये व्हेनिसला छापल्या गेलेल्या ‘शुल्हान आरूख’ या नियमग्रंथात त्याचे उत्तर आहे. ज्याला काठीवाचून चालताच येत नाही, त्याने ती न्यावी. ती त्याच्या पायासारखीच धरली जाते. ज्याला काठीवाचून चालता येते आणि जो ती नुसती आधाराला घेतो, त्याने न्यायची नाही. आता विचार करा. पाय दुखावलेला धावपटू शनिवारी सकाळी दाराशी उभा आहे, कुबड्या भिंतीला टेकलेल्या आहेत. त्याला स्वतःलाच विचारावे लागते, ‘मला या खरोखर लागतात का?’ खोटे उत्तर दिले, तर एकीकडे नियम मोडतो, दुसरीकडे पाय मोडतो. डॉक्टरही हाच प्रश्न विचारतात. पण डॉक्टरांची गाठ महिन्यातून एकदा पडते. शनिवार दर आठवड्याला येतो.

आणि हा धर्म आजाऱ्याच्या बाबतीत निष्ठुर आहे, असेही समजू नका. जिवाला धोका असेल, तर शब्बाथ बाजूला ठेवणे ही नुसती सवलत नसून कर्तव्य आहे. बाराव्या शतकातले थोर पंडित मोशे बेन मैमोन, ज्यांना युरोपात मैमोनिडीस म्हणतात, ते स्वतः कैरोचे नामांकित वैद्य होते. जेवणापूर्वी अंग गरम होईपर्यंत श्रम करावेत, असे त्यांनी आपल्या धर्मनियमांच्या ग्रंथातच लिहून ठेवले आहे. शरीर राखणे हा त्यांच्या मते धर्माचाच भाग.

पण मला तुमच्यापुढे गोड चित्रच तेवढे मांडायचे नाही. या पाळणुकीची किंमत आहे आणि ती मोजावी लागते. न्यूयॉर्कची शर्यत नोव्हेंबरच्या आरंभी. तिच्या आधीचे सप्टेंबर-ऑक्टोबर हे ज्यूंच्या मोठ्या सणांचे दिवस. नववर्षाचे दोन दिवस, मग योम किप्पूरचा सुमारे पंचवीस तासांचा उपास, ज्यात पाणीसुद्धा घ्यायचे नाही. मग मांडवांचा सण. तयारी ऐन भरात असते आणि दिवसांमागून दिवस हातचे जातात. दुखापतीने आधीच दोन महिने खाल्लेले असले, तर धावपटूच्या हाती राहते काय?

बीटी डॉइच या बाईंची गोष्ट सांगतो. जन्म अमेरिकेतला, १९८९ चा. तरुणपणी त्या इस्राएलला जाऊन राहिल्या. कर्मठ पंथाच्या, पाच मुलांची आई. गुडघ्याखालचा घागरा, लांब बाह्या आणि डोक्याला रुमाल अशा वेषात त्या धावतात. २०१९ मध्ये तिबेरियाच्या शर्यतीत २ तास ४२ मिनिटांत धावून त्या इस्राएलच्या महिला विजेत्या ठरल्या. गव्हासारखी धान्ये सोसत नाहीत असा सेलिअ‍ॅक नावाचा विकारही त्यांना निघाला. त्यातूनही त्या धावत राहिल्या. त्यांचे लक्ष तोक्यो ऑलिंपिककडे होते. तिथली महिलांची मॅरेथॉन मुळात रविवारी ठरली होती. पुढे उन्हाळ्याच्या भीतीने शर्यत सप्पोरो शहरी हलवली आणि वार बदलून शनिवार झाला. बाईंनी दिवस बदलावा म्हणून दाद मागितली. दिवस बदलला नाही. ७ ऑगस्ट २०२१ रोजी, शनिवारी, ती शर्यत झाली आणि बाई तिच्यात नव्हत्या. पात्रतेची वेळही त्यांना गाठता आली नव्हती, हे खरे. पण ती गाठली असती, तरी शनिवारी आपण धावणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकले होते.

वर्गात असा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास येतो. ‘सर, विसावा शरीराला हितकारक असतो, म्हणूनच पूर्वजांनी हा नियम केला असेल, नाही का?’ हे उत्तर सोयीचे आहे, पण पुरते खरे नाही. शब्बाथ काही पायाच्या हाडांसाठी सांगितलेला नाही. पाय बरा व्हावा म्हणून जो शनिवारी थांबतो, तो पाय बरा झाल्यावर शनिवारी धावू लागेल. आणि ऑलिंपिक आडवे आले, तर तो पहिल्याच शनिवारी धावेल. जे फायद्यासाठी पाळले, ते फायदा संपला की सुटते. उलट, जो कसलाही हिशेब न करता थांबायला शिकला आहे, त्याला दुखापतीतले थांबणे जड गेले तरी परके वाटत नाही. दर आठवड्याला हातातले काम खाली ठेवण्याचा सराव त्याने केलेला असतो. शनिवारी मी धावलो नाही, म्हणून मी धावपटू नाहीसा होत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. दुखावलेल्या माणसाला धीर हवा असतो तो एवढाच.

शिक्षक बंधुभगिनींना म्हणून एक सुचवावेसे वाटते. क्रीडास्पर्धा जवळ आल्या, की आपल्या शाळेत एखादा मुलगा किंवा मुलगी लंगडत सरावाला येते. विचारले तर ‘काही नाही सर’ म्हणते. संघातून नाव जाईल, ही भीती त्यामागे असते. त्या लेकराला शाबासकी देऊन पळवू नका, आणि भित्रा म्हणून हिणवूही नका. जवळ बसवून विचारा, ‘काठी लागते का?’ म्हणजे, खरे किती दुखते? आणि ते खरे बोलले, तर त्याचे संघातले नाव तसेच राहू द्या; बाहेर बसूनही ते संघातलेच आहे, हे बाकीच्या मुलांसमोर सांगा. खरे बोलल्याबद्दल एकदा शिक्षा झाली, की पुढच्या वेळी मूल दुखणे लपवते, आणि लपवलेली चीर एक दिवस पुरे हाड मोडते.

पाय बरा झाल्यावर हा आपला धावपटू पुन्हा सव्वीस मैलांच्या ओळीत उभा राहील. कदाचित त्याला पूर्वीपेक्षा वेळ जास्त लागेल. विसाव्या मैलाला नडगी आठवण करून देईल. तरी तो पोहोचेल, अशी आशा धरायला जागा आहे. कारण धावायचे दिवस आणि थांबायचे दिवस यांतला फरक त्याला कळलेला आहे.