डॉक्टर, रोगी आणि विश्वास



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे कारखान्याच्या गेटवर झाले. तेव्हा शास्त्र सांगणे हा आमचा अधिकार नव्हे. पाहिले तेवढे सांगतो.

दहा-एक वर्षांपूर्वी आमचा एक सभासद कामगार विमा योजनेच्या रुग्णालयात दगावला. दोन दिवस पोटदुखीवर गोळ्या देऊन त्याला परत पाठविले होते. तिसऱ्या दिवशी आतडे फुटले. रात्री फाटकाशी दोनशे माणसे जमली. काचा फोडायला हात शिवशिवत होते; खोटे कशाला सांगावे, आमचेही! तेवढ्यात त्याची आई पुढे आली. म्हणाली, "भाऊ, काचा फोडून मला काय कळणार? पोरगा कशानं गेला, तेवढं विचारा."

आम्ही विचारायला आत गेलो. आत एकटा तरुण डॉक्टर, सकाळपासून रोगी तपासून थकलेला. वरिष्ठांचे उत्तर एकच : कागद मिळणार नाहीत! वस्तुतः २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे रोग्याने वा त्याच्या माणसाने मागितल्यास ७२ तासांत कागद द्यावे लागतात. आम्हाला तो नियम ठाऊक नव्हता, आणि अज्ञानाची किंमत गरिबालाच मोजावी लागते.

पुढे असेही सांगण्यात आले की, येथील उपचार फुकट, म्हणून ग्राहक न्यायालय लागू नाही. फुकट? कामगाराच्या पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते! सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आणले, आणि २००७ साली विमा योजनेची रुग्णालयेही त्यात येतात असे ठरविले. त्या आधारावर आम्ही भांडलो. भरपाई मिळाली. परंतु "आमचे चुकले" हे एक वाक्य त्या आईला कोणीच ऐकविले नाही.

पुण्यातला जुना खटला पाहा. १९५३ साली मांडीचे हाड मोडलेला एक तरुण कोकणातून पुण्यास आणला. भूल न देता, जोर लावून हाड बसविले. त्याच दिवशी तो गेला. बापाने न्याय मागितला. तीन हजार रुपयांच्या भरपाईवर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब झाले ते १९६८ साली. पंधरा वर्षे! त्या निकालाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली : रोगी हाती घ्यावा की नाही, उपचार कोणता करावा, आणि तो कसा करावा, या तिन्हींत योग्य काळजी. रोगी बराच होईल, अशी हमी कायदा मागत नाही. मागतो ती काळजी.

आता आमच्याही पदरात पाहू. रजेसाठी खोटा दाखला कोण मागतो? आमचेच सभासद! आम्हीही अशा दाखल्यांकडे कानाडोळा केला आहे. जो डॉक्टर आपल्यासाठी खोटे लिहितो, तो उद्या आपल्याविरुद्ध खोटे लिहिणार नाही कशावरून? विश्वासाला उंदीर दोन्ही बाजूंनी लागला आहे.

म्हणून विनंती एवढीच. दगड उचलू नका, अर्ज लिहा. प्रत्येक कागद जपून ठेवा. आणि डॉक्टरमंडळींना हात जोडून सांगणे की, चूक झाली तर दार लावून घेऊ नका. बाहेर येऊन बोला. फाटकाशी उभी असलेली आई पैसे मागायला आलेली नसते.